खिशातला कापूस

"परत चार्जच होईना झालाय हो," म्हणत तिनं फोन काउंटरवर ठेवला. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं चार्जिंगच्या खाचेत चिमटा घातला आणि नेहमीसारखा कापसाचा पुंजका बाहेर काढला.

"मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं तुम्हाला. फोन खिशात ठेवला की खिशातला कापूस आत जातो, मग पिन नीट बसत नाही."

"हो ना, विसरतेच मी."

आज मात्र त्यानं कायमचा इलाज करायचं ठरवलं होतं. त्यानं एक इवलंसं रबरी टोपण त्या खाचेवर बसवून दिलं. "हे माझ्याकडून! आता तुम्हाला इथं परत यावंच लागणार नाही, बघा."

तिचं तोंड एवढंसं झालं. फोन उचलून ती गुपचूप निघून गेली.

"कमाल आहे! लोकांचं भलं करायला जावं तर…" तो पुटपुटला.

शेजारच्या गाळ्यातल्या शिवणवाल्या मावशींनी मशीन थांबवलं. "अरे ठोंब्या, तिचे सगळे ड्रेस मी शिवते. एकालाही खिसा नाही."

"मग हा कापूस कुठला?"

"माझ्या टाचण्यांच्या उशीतला. पार चपटी करून टाकली तिनं!"

त्याची ट्यूब पेटेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती. हातातला चिमटा तसाच घेऊन तो रस्त्यात धावला.

"अहो, थांबा! ते टोपण… चुकीच्या मापाचं दिलंय!"