चंद्रावरची वीट

सोजराच्या नातवाचं बारसं झालं, त्याच साली गावच्या माळावर आकाशातून दगड पडला. गावानं त्याला शेंदूर फासला. सोजराचा लेक गहिनाथ चंद्रावर विटा भाजायच्या कामाला गेला होता आणि महिनाभर त्याचा फोन नव्हता. कंपनी म्हणे, यंत्र बिघडलंय. सोजरानं त्या दगडालाच नवस केला, की पोराचा आवाज ऐकव.

मग उल्का तपासणाऱ्या वैजयंतीबाई शहरातून आल्या. त्यांनी शेंदूर खरवडला, दगडाचा कोपरा कापला आणि भिंगाखाली धरला.

"मंगळाचा का चंद्राचा, मॅडम?" सरपंच म्हणाले. "ह्याच्या देवळाची पाटी रंगवायला टाकलीय."

"माती चंद्राची आहे. पण ही उल्का नाही. ही भट्टीत भाजलेली वीट आहे."

सोजरा हरखली. "मग माझ्या गहिनाथाचीच की! लोकांची पोरं लुगडं धाडत्यात, ह्यानं वीट धाडली."

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"आजी, तिथं मोठा स्फोट झाल्याशिवाय वीट इथवर येत नाही."

"तसं नगा म्हणू, बाई. नवस केलाय मी ह्याला."

गहिनाथ आणि त्याच्याबरोबरची सगळी माणसं पौष वद्य पंचमीला, फोन बंद झाला त्याच दिवशी, भट्टी फुटली तेव्हाच मेली होती.