वाकडी भिंत

भिंत वाकडी होती, आणि ती बांधणारा सोडून सगळ्यांना ते दिसत होतं.

शेजारचा पेन्शनर कुंपणापाशी येऊन मान तिरकी करून बघत राहिला. "जरा डावीकडे झुकलीय का हो?"

"तुम्ही झुकलाय," घरमालक घमेल्यात थापी फिरवत म्हणाला. "भिंत ठणठणीत आहे."

तो छापखान्यात नोकरीला होता. मुलीच्या नवऱ्याची बदली याच गावात झाली होती आणि ती दोन्ही लेकरांसह राहायला येणार होती. घर दोन खोल्यांचं. म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेत खाली एक खोली, वर एक खोली, असं त्याने ठरवलं. पाया मेहुण्याने घालून दिला. बायकोचा हा धाकटा भाऊ गवंडी होता. भिंतीही उचलून देतो म्हणाला, तर घरमालकाने हात जोडले.

"घर माझं, मुलगी माझी. चार विटा रचायला काय अक्कल लागते?"

हे त्याने एवढ्या मोठ्याने म्हटलं, की गल्लीभर ऐकू गेलं. खिडकीत बसलेल्या बायकोने मात्र मान वळवली नाही.

तिचे वडील गेल्यापासून ती तिथेच बसायची. वाढलं तर जेवायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. वडीलही गवंडीच. त्यांच्या हाताखाली ती आधी वाळू चाळायला शिकली, मग विटा लावायला. लग्नाआधी तिने उचललेला कोपरा बघायला दुसरे गवंडी येत.

"बाबा, आईलाच सांगा की बांधायला," मुलगी फोनवर म्हणाली.

"सांगून बघितलं. थापी हातात दिली, तर तिने खाली ठेवली."

"मग मामाला बोलवा."

"कुणाची गरज नाही. मस्त जमतंय मला."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि बायको कपडे वाळत घालायला बाहेर आली. भिंतीकडे तिचं लक्ष गेलं. ओला टॉवेल तसाच हातात धरून ती उभी राहिली. आत गेली. पुन्हा बाहेर आली. शेवटी तिने पलंगाखालून वडिलांची पिशवी ओढली, ओळंबा काढला आणि भिंतीला लावला.

"अरे देवा, ही भिंत आहे की शेवग्याची शेंग!"

विटांमधला माल अजून ओलसर होता. तिने वरचे थर उतरवले, विटा घासून घेतल्या, दोरी ताणली आणि पुन्हा लावायला सुरुवात केली. पेन्शनर बघत होता. तिने ओठांवर बोट ठेवलं, त्यानेही मान डोलावली.

संध्याकाळी घरमालक भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बघितलंस? लोक उगाच नावं ठेवतात. माल सुकला की भिंत आपसूक ओळीत येते."

"असं असतं होय," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठाचा कोपरा हलला.

मग हे रोजचंच झालं. तो सकाळी लवकर उठून वेडंवाकडं बांधायचा आणि कामावर जायचा. त्याची पाठ वळली की ती पदर खोचायची. जे चुकलं ते काढायची, आणि जाता जाता आणखी दोन थर चढवायची. "हात चांगलाच बसला माझा," तो घरी येऊन म्हणायचा. ती जेवताना दोन घास जास्त खायला लागली. खिडकीतली खुर्ची पेन्शनरने तिला विटा द्यायला परांचीवर चढता यावं म्हणून मागून नेली, ती परत आलीच नाही.

जिन्यावरून तर भांडण झालं. "पायऱ्या फार उंच घेताय," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला? मला काय कळतंय?" तिने ताट सरकवलं आणि गेल्या काही महिन्यांचं सगळं न बोललेलं एका दमात बोलून टाकलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. सकाळी पायऱ्या तिने आखल्या, सगळ्यांदेखत.

स्लॅबच्या दिवशी माणसं बोलावली होती. सळ्या एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या दिसल्या आणि तिचा आवाज असा चढला, की मुकादमाने "हो ताई, हो ताई" म्हणत सगळ्या सोडून पुन्हा बांधून घेतल्या. वरच्या मजल्याला तर तिने नवऱ्याला विटा उचलायलाच ठेवलं. तो कुरकुरत उचलायचा.

मुलगी राहायला आली त्या दिवशी मेहुणाही आला. खाली त्याची ताई जावयाला पलंग कुठे लावायचा ते दरडावून सांगत होती, नातवंडं जिन्यावर धावत होती. मेहुण्याने वरच्या खोलीच्या भिंतीवरून सावकाश तळहात फिरवला.

"अगदी वडिलांचा हात," तो म्हणाला. "पण दाजी, एक सांगा. माझ्या कामावर सुट्टीच्या दिवशी यायचात, तेव्हा शिकता शिकता भिंत सुतासारखी सरळ उभी करायला लागला होतात. इथे इतकं वाकडं कसं जमलं?"

घरमालकाने जिन्याकडे पाहिलं. वर कुणी येत नव्हतं.

"पहिल्या दिवशी दोनदा सरळच आली," तो हळूच म्हणाला. "पाडून पुन्हा बांधावी लागली."