घरचं कोहळं

राजापेठेतल्या सिंधूमावशींनी अंगणात मुद्दाम तरोटा, कुर्डू, रानतुळस अशी रानझुडपं वाढवली होती. फुलांवर दिवसभर मधमाश्या. श्रावणात शेजारचे मोरोपंत विळा घेऊन आत घुसले.

"जंगल काहून वाढवून राहिल्या तुमी? माह्या सुनेले माशी डसली!"

त्यांनी सपासप कापायला सुरुवात केली. मावशी आडव्या आल्या. विळा थांबला नाही.

महिन्याभरानं, गौरी-महालक्ष्म्या तोंडावर आल्या तेव्हा, तेच मोरोपंत खाली मान घालून फाटकाशी उभे. "सोळा भाज्यांत घरचंच कोहळं लागते आमाले. वेलाले फुलं लय, पन फळच धरून नाई राहिलं."

"माश्या नाईत ना आता. नर फूल मादी फुलावर हातानं घासा लागते, भाऊ. अंगठा अन् पहिलं बोट, असं धरून," म्हणत मावशींनी उजवा हात पुढे केला.

अंगठ्याशेजारी बोट नव्हतं.