गळ्याचं माप

शिंपीणबाईंनी जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, देवापुढेही पुटपुटलं नाही, ते फोनवर अनोळखी लोकांच्या चव्हाट्यावर लिहून मांडलं. नवरा छळतो, घर सोडायचं ठरवलंय, त्याला पत्ता लागता कामा नये. नाव खोटं घातलं, गाव खोटं घातलं. पण हात धंद्याचा. नवरा दिसतो कसा हे सांगताना लिहून गेल्या, छाती बेचाळीस, गळा सोळा. वर स्वतःच्या हुशारीवर खूश.

जगाला काय, फुकटचा तमाशा. स्वतःचं घर न सांभाळता येणाऱ्या दीडशे शहाण्यांनी उपदेश पाजला. एकाने मात्र नुसती दुरुस्ती केली, "गळा आता साडेसोळा."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. तरी दुपारी नव्या शर्टाचं निमित्त करून नवऱ्याला टेप लावलीच. साडेसोळा भरला.

घाईघाईने त्यांनी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. पुसलेल्या जागी नवं उत्तर उमटलं, "तुमचा साडेतेरा."

स्वतःचा गळा बाईंनी कधी मोजला नव्हता. दुकानातल्या आरशासमोर त्यांनी टेप गळ्याभोवती घेतली.

"काय चाललंय?" नवरा दारात उभा होता.

"काही नाही. माझंच माप घेत होते."

"स्वतःचं स्वतःला जमतं होय? आण इकडे."

अठरा वर्षांत त्याने दुकानातल्या सुईलाही हात लावला नव्हता. त्याने टेप काढून घेतली आणि बाईंच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

"मान वर कर," तो मायेने म्हणाला. टेप अजून त्याच्या मुठीतच गुंडाळलेली होती.

"साडेतेरा."