प्रसादाचा शिरा

“आकडा दुपटीहून जास्त आलाय, वहिनी,” लॅबमधला माणूस फोनवर म्हणाला. “तपासणीच्या आधी तीन दिवसांत दादांनी केळं, अननस, अक्रोड असं काही खाल्लं होतं का? त्यानंही आकडा वाढतो. खाल्लं असेल तर हा रिपोर्ट धरायचा नाही, पुन्हा तपासू.”

चार महिने उर्मिलाच्या नवऱ्याचा, सदाशिवचा, चेहरा उगाचच लालबुंद व्हायचा. आतड्यात गाठ असेल तर लघवीत कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून चोवीस तासांची लघवी डब्यात साठवून दिली होती. केळं तर तिनं घरात येऊच दिलं नव्हतं.

फोनवर हात ठेवून तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं.

सासूबाई चाचरल्या. “शेजारच्या सत्यनारायणाला मीच सदाशिवच्या हातावर शिरा ठेवला गं. केळं घातलेला. तू ओरडशील म्हणून बोलले नाही.”

एरवी उर्मिला कडाडली असती. आज तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“आई, मी तो खाल्ला नाही,” सदाशिव दारातून म्हणाला. “बाहेर येऊन गाईला घातला.”

“अरे, सत्यनारायणाचा प्रसाद नाही खाल्लास?”

“भीती वाटत होती.”

देवळावरून जातानाही चप्पल काढणारा हा माणूस! उर्मिला त्याच्याकडे बघतच राहिली.

“वहिनी, काय लिहू?” फोनमधून आवाज आला.

तिनं हात काढला.

“नाही खाल्लं,” ती म्हणाली.