पांढरा पुठ्ठा

तुर्भ्यात रणजीतने नवा स्टुडिओ थाटला होता. छत्रीचा फ्लॅश एकच, त्यामुळे माथाडी हौसेरावांचा अर्धा चेहरा काळा येणार होता. म्हणून त्यांच्या बायकोला, बाळाबाईंना, त्याने दुसऱ्या अंगाला पांढरा पुठ्ठा धरून उभं केलं. निवृत्तीच्या निरोप-कार्यक्रमाला एकट्या हौसेरावांचाच फोटो हवा होता, तरी बाळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या.

"पुठ्ठ्यामुळं काकांचा गाल कसा उजळलाय बघा!" रणजीत म्हणाला.

फोटो झाला. बाळाबाईंनी पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि दाराकडे वळल्या.

"थांब की," हौसेराव म्हणाले. "रणजीत, रोल शिल्लक हाय न्हवं? आता जोडीनं काढ."

"मग पुठ्ठा कोण धरणार, काका?"

हौसेरावांनी बाळाबाईंना फ्लॅशच्या बाजूला बसवलं.

"माझी बाजू ऱ्हाऊ दे काळी."