मुकादमांचं राहिलेलं वळण

मुकादम गेले त्याला महिना झाला. पेशाने ते शिंपी, पण माळावरची झिजलेली पायवाट दुरुस्त करायला आम्हा हौशी मंडळींना दर रविवारी तेच जुंपायचे, म्हणून मुकादम. "चालून चालून आपणच खाल्ली ना वाट? मग भरायची पण आपणच!" म्हणायचे.

त्यांच्या हातून राहिलेलं शेवटचं वळण आम्ही त्यांच्या आठवणीत पुरं करायचं ठरवलं. गेल्या पावसात ते एकटेच तिथे राबून गेले होते. नंतर तिथला चिखल खाचखळग्यांसकट वाळून दगड झाला होता. आम्ही तो कुदळीने फोडला, वर माती टाकली आणि धुम्मस मारून अशी सपाट केली की मुकादमांनाही खोट काढता आली नसती. मग मोठ्या हौसेने वहिनींना दाखवायला घेऊन आलो.

वहिनी वळणावर थबकल्या. खाली बसून मातीवरून हात फिरवू लागल्या.

"छान झालंय ना, वहिनी?"

"छान झालंय हो." हात मात्र काहीतरी चाचपडतच राहिला.

"इथे चिखलात यांच्या बुटांचे ठसे होते. रोज येऊन त्यात पाय ठेवून उभी राहायचे मी."